कानस, ऑसिलोस्कोप आणि गाडीची डिकी

मंडळी, आजचा विषय जरा काळ्या तेलाचा आहे. ज्यांना गाडी म्हणजे किल्ली फिरवली की चालू होणारी वस्तू एवढंच माहीत आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण गोष्ट अर्धी इंजिनाची आणि अर्धी माणसांची आहे.

पुण्यात नाना पेठेच्या आसपास किंवा कोल्हापुरात कुठल्याही जुन्या मेकॅनिकपाशी 'आरएक्स १००' हा शब्द काढून बघा. दोन मिनिटांत गाडी 'पोर्टिंग-पॉलिशिंग'वर येते. 'एक्झॉस्ट पोर्ट जरा वर घेतला, ट्रान्सफर साफ केले, हेड कापलं, मग बघा साहेब कशी पळते!' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा ऐकलंय की ते एखाद्या घराण्याच्या बंदिशीसारखं वाटायला लागलंय. गुरुकडून शिष्याकडे आलेलं. पण मूळ गुरू कोण? हा प्रश्न मला पडला आणि शोधत शोधत मी पोचलो पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या एका छोट्या गावात.

आधी पोर्टिंग म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिन हा शेवटी हवेचा पंप आहे. जितकं हवा-पेट्रोलचं मिश्रण आत जाईल, आणि जळलेला धूर जितका नीट बाहेर पडेल, तितकी ताकद. हे येण्याजाण्याचे रस्ते म्हणजे पोर्ट. कारखान्यातून येणाऱ्या ओतीव भागांत हे रस्ते ओबडधोबड असतात. कुठे ओतकामाची कड राहिलेली, कुठे गॅस्केट आत आलेलं. कानस आणि ग्राइंडर घेऊन हे रस्ते नीट करणं म्हणजे पोर्टिंग, आणि मग पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करणं म्हणजे पॉलिशिंग.

चार-स्ट्रोक इंजिनात हे काम हेडमध्ये चालतं, कारण व्हॉल्व तिथे असतात. दोन-स्ट्रोकमध्ये मात्र साधारणपणे व्हॉल्वच नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्यांची दारं उघडतो, लावतो. म्हणजे इथे खिडकीची उंची हीच वेळ! एक्झॉस्टच्या खिडकीची वरची कड मिलिमीटरभर वर सरकवली की धूर बाहेर पडायला लवकर सुरुवात होते आणि इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला सरकते. खाली मात्र गाडी मेलेली वाटते. खिडकी रुंद केली तर पिस्टनची रिंग तिच्यात अडकून तुटायची भीती. आपल्या भाषेत सांगायचं तर, इथे हार्डवेअर हाच सोर्स कोड आहे आणि कानस हा एडिटर. फक्त 'अनडू' नाही. :-)

आणि हो, पॉलिशिंगबद्दलचा एक लोकप्रिय गैरसमज इथेच मोडून टाकतो. आरशासारखी चमक दिसायला छान, पण ताकद मुख्यतः येते ती आकारातून. वळण कुठे, तोंड किती, दिशा कुठली, यातून. एक्झॉस्टमध्ये गुळगुळीतपणाने कार्बन कमी धरतो, एवढा फायदा खरा. बाकी चमक ही बरीचशी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

असो. आता चोपाऊ.

चोपाऊ हे सॅक्सनीतलं गाव. इथे डीकेडब्ल्यू कंपनीचा कारखाना होता आणि १९३० च्या दशकात ती जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल कंपनी होती. दोन-स्ट्रोक ही तिची खासियत. श्न्यूर्ले नावाच्या इंजिनियरने १९२० च्या दशकात एक युक्ती काढली होती. ताजं मिश्रण दोन बाजूंच्या खिडक्यांतून अशा कोनात सोडायचं की ते एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीवर आपटून वर चढेल आणि वळसा घेत जुना धूर बाहेर ढकलेल. या युक्तीचे हक्क डीकेडब्ल्यूने घेतले. पुढे तिथेच हर्मान वेबर यांनी आरटी १२५ नावाची छोटी, साधी, स्वस्त गाडी बनवली. ताकद फक्त पावणेपाच अश्वशक्ती. पण डिझाइन इतकं सुटसुटीत की युद्धानंतर जेत्यांनी ते सरळ उचललं. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्लेची १२५, रशियाची मॉस्क्वा, सगळ्या आरटी १२५ च्याच नकला. आणि १९५५ साली जपानमधल्या पियानो आणि बाजाच्या पेट्या बनवणाऱ्या एका कंपनीने आपली पहिली मोटारसायकल काढली, तीही आरटी १२५ ची नक्कल होती. कंपनीचं नाव यामाहा. हे नाव लक्षात ठेवा.

युद्धानंतर चोपाऊ रशियनांच्या वाट्याला आलं. कारखान्यातली यंत्रं रशियात गेली. डीकेडब्ल्यूची मंडळी पश्चिमेला इंगोलश्टाटला निघून गेली. मागे राहिलेल्या कारखान्याचं आधी आयएफए आणि १९५६ पासून एमझेड असं नाव झालं. याच कारखान्यात १९५३ साली रेसिंग विभागाचा प्रमुख म्हणून एक माणूस आला. वॉल्टर काडेन.

काडेनचा जन्म १९१९ चा, चोपाऊजवळच्याच एका खेड्यातला. वडील डीकेडब्ल्यूच्या एका बड्या अधिकाऱ्याचे ड्रायव्हर. शिक्षण केम्निट्झला. युद्धाच्या काळात हेन्शेल कंपनीत एचएस २९३ नावाच्या रेडिओने दिशा देता येणाऱ्या बॉम्बवर त्याने काम केलं. हा भाग गाळून काडेनची गोष्ट सांगायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. १९४३ मध्ये याच जातीच्या बॉम्बने भूमध्य समुद्रात 'रोहना' हे जहाज बुडवलं. हजारावर अमेरिकन सैनिक गेले. जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचं, त्यामुळे त्यावर काम करणारे बरेच खलाशी आपल्याकडचे होते, त्यांतलेही पुष्कळ गेले. इंजिनियरची बुद्धी कुणाच्या हाती पडते हा प्रश्न या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

तर काडेनच्या हाती काय होतं? पैसे नाहीत. चांगलं बेअरिंग किंवा पिस्टन हवा तर तो पश्चिमेत मिळणार आणि त्याला परकीय चलन लागणार. समोर इटालियन आणि पुढे होंडाची चार-स्ट्रोक इंजिनं, घड्याळासारखी बारीक कामाची. आणि रेसिंगच्या जगात दोन-स्ट्रोकची किंमत तेव्हा गवत कापायच्या यंत्राएवढी.

काडेनने तीन गोष्टी एकत्र आणल्या. गंमत म्हणजे त्यातल्या दोन त्याच्या नव्हत्या.

पहिली, डिस्क व्हॉल्व. पिस्टनने उघडझाप होणाऱ्या इनलेटची अडचण अशी की तो पिस्टन वर पोचायच्या आधी जितके अंश उघडतो, तितकेच अंश नंतर उघडा राहतो. मग आत आलेलं मिश्रण परत बाहेर जातं. डानिएल झिमरमान नावाच्या एका खाजगी रेसरने आपल्या घरगुती गाडीत क्रँकला एक कापलेली चकती बसवली. चकतीत फट जिथे, तिथेच इनलेट उघडा. म्हणजे उघडायचं कधी आणि मिटायचं कधी, दोन्ही आपल्या हातात. झिमरमानची गाडी कारखान्याच्या गाड्यांपेक्षा जोरात पळाली. काडेनने ती युक्ती उचलली.

दुसरी, एक्झॉस्टचा फुगीर पाइप, ज्याला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. ही कल्पना पश्चिमेच्या डीकेडब्ल्यूमधल्या एरिक वोल्फची. पण ती नेमकी का चालते आणि कुठे चालत नाही, हे काडेनने खोदून काढलं. ते कसं, हे बघण्यासारखं आहे.

एक्झॉस्टची खिडकी उघडली की दाबाची एक लाट पाइपमध्ये सुटते. ती रुंद होत जाणाऱ्या शंकूत शिरली की उलटी फिरून 'ओढ' बनते आणि सिलिंडरमधला धूर खेचून घेते. इतका खेचते की ताजं मिश्रणही थोडं बाहेर पाइपमध्ये येतं. मग तीच लाट पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटते आणि 'दाब' बनून परत येते, आणि बाहेर आलेलं ताजं मिश्रण खिडकी मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. एकही हलणारा भाग नाही, आणि फुकटचा सुपरचार्जर!

पण हिशोब बघा. १०,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १८० फेऱ्या. एका फेरीला साडेपाच मिलिसेकंद, आणि त्यात एक्झॉस्टची खिडकी उघडी राहते जेमतेम तीन मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट साधारण सेकंदाला ५०० मीटर पळते. म्हणजे तीन मिलिसेकंदांत दीड मीटर, जाऊन-येऊन. शंकू चार बोटं इकडे-तिकडे झाला की लाट दार मिटल्यावर पोचणार. हे कानाने कळत नाही. काडेनने ऑसिलोस्कोप लावला आणि पाइपमधल्या लाटा पडद्यावर बघितल्या. आपण प्रोफायलर लावतो ना, कोड नेमका कुठे अडकतोय ते बघायला, अगदी तेच. बाकीचे अंदाजाने कानस मारत होते, हा माणूस मोजून मारत होता.

तिसरी गोष्ट त्याची स्वतःची. एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीत त्याने आणखी एक ट्रान्सफर पोर्ट पाडला आणि त्याला मिश्रण पिस्टनमधल्या खिडकीतून दिलं. फायदे दोन. एक म्हणजे सिलिंडर जास्त भरतो. दुसरं म्हणजे जाता जाता तेच थंड, तेलकट मिश्रण पिस्टनचा माथा आणि गजन पिनचं बेअरिंग थंड ठेवतं. हे बेअरिंग जळणं ही त्या इंजिनांची कायमची दुखणी होती. महाग बेअरिंग आणता येत नाही, तर स्वस्तातलं जगवायचं कसं? एक भोक पाडून. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

परिणाम? १९६१ साली एमझेडची १२५ सीसीची गाडी २५ अश्वशक्ती देत होती. लिटरला २०० अश्वशक्ती. सुपरचार्जर न लावता हा आकडा याआधी कुठल्याच इंजिनाने गाठला नव्हता. ज्या कारखान्याची मूळ १२५ पावणेपाच अश्वशक्तीची, त्याच कारखान्यात हे झालं.

आणि आता दुसरा माणूस. एर्न्स्ट डेग्नर. एमझेडचा पहिल्या क्रमांकाचा रायडर, आणि नुसता रायडर नव्हे, शिकलेला इंजिनियर. इंजिन आतून ओळखणारा. १९६१ च्या हंगामात त्याने हॉकेनहाइम, साक्सेनरिंग आणि मोन्झा अशा तीन शर्यती जिंकल्या. होंडाच्या टॉम फिलिसशी टक्कर होती आणि विश्वविजेतेपद आवाक्यात होतं. पण जिंकून मिळणार काय? पश्चिमेतल्या रायडरांकडे पैसे, गाड्या, हिंडायचं स्वातंत्र्य. डेग्नरला शर्यत संपली की पूर्व जर्मनीत परत. बायको-मुलांना परदेशी न्यायची परवानगी नाही, म्हणजे एक प्रकारे ती ओलीसच.

त्याच वेळी सुझुकी आपल्या दोन-स्ट्रोक गाड्या घेऊन युरोपात आली होती आणि सपाटून मार खात होती. १९६० मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत त्यांचा एकही रायडर पहिल्या दहात नव्हता. १९६१ मध्येही तीच कथा. सुझुकीच्या माणसांना दिसत होतं की आपल्यासारखंच दोन-स्ट्रोक इंजिन घेऊन एक गरीब कारखाना जिंकतोय. म्हणजे विद्या आहे, फक्त आपल्याकडे नाही. त्या उन्हाळ्यात डेग्नर आणि सुझुकी यांचं गुपचूप ठरलं.

१३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात झाली. दरवाजे एकेक करून बंद होत होते. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. तिथे डेग्नरचं इंजिन गेलं. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुलं एका गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत पोचली. डेग्नर स्वीडनहून डेन्मार्कमार्गे तिकडेच गेला. चोपाऊला तो परतला नाही. शर्यतीत इंजिन मुद्दाम बिघडवल्याचा आरोप पूर्व जर्मनीने केला. हंगामाची शेवटची शर्यत अर्जेंटिनात झाली, तिथे डेग्नर धावू शकला नाही. फिलिस जिंकला आणि विश्वविजेतेपद होंडाकडे गेलं. काडेनच्या हातातोंडाशी आलेला घास गेला तो गेलाच. एमझेडला विश्वविजेतेपद पुढे कधीच मिळालं नाही.

डेग्नर त्याच वर्षी हामामात्सुला सुझुकीच्या कारखान्यात पोचला. १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर त्याने आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकली आणि विश्वविजेतेपदही जिंकलं. सुझुकीचं पहिलं, आणि दोन-स्ट्रोक गाडीने जिंकलेलंही पहिलंच. एका वर्षात! १९६३ मध्ये १२५ चं विजेतेपदही सुझुकीकडे गेलं. १९६४ मध्ये यामाहाने डिस्क व्हॉल्वच्या दोन-स्ट्रोकवर २५० चं जिंकलं. रेसिंगच्या पॅडॉकमध्ये गुपित फार काळ गुपित राहत नाही. १९७५ मध्ये आगोस्तिनीने यामाहावर ५०० चं विजेतेपद जिंकलं, आणि मग २००१ पर्यंत तो वर्ग दोन-स्ट्रोकने दुसऱ्या कुणाला दिला नाही.

आता आपल्याकडे या. १९८३ ला राजदूत ३५० आली, मूळची यामाहाची. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला आरएक्स १००, १९८६ ला आकुर्डीच्या बजाजची कावासाकी केबी १००. कॉलेजच्या पोरांनी या गाड्यांवर जीव टाकला. ९८ सीसीमध्ये ११ अश्वशक्ती म्हणजे त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर वीजच होती. हातातली कानस नाना पेठेतल्या मेकॅनिकची असली, तरी एक्झॉस्ट किती वर घ्यायचा, ट्रान्सफर कुठे वळवायचा, पाइपचं पोट कुठे फुगवायचं, ही बंदिश चोपाऊची. ती बऱ्याच हातांतून आली, त्यात एका गाडीची डिकीही होती.

मग डेग्नर चोर का? आपल्या धंद्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. आपण सगळेच कंपनी बदलताना कागदावर सह्या करतो की इथलं काही तिकडे नेणार नाही. लॅपटॉप परत करतो, पण डोक्यातलं कसं परत करणार? डेग्नरबद्दल माझं मत दोन भागांत आहे. भिंत बांधणाऱ्या राज्यातून बायको-मुलांना घेऊन पळणं याला मी गुन्हा म्हणणार नाही. माणसाला बाहेर जायचा हक्क असतो. पण तो रिकाम्या हातांनी गेला नाही. दुसऱ्या माणसाची आठ वर्षांची मेहनत त्याने किमतीला विकली, आणि तो दुसरा माणूस भिंतीच्या आत अडकलेला होता. राज्यावर उगवलेला सूड काडेनवर पडला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. काडेनने स्वतः झिमरमानची चकती आणि वोल्फचा पाइप घेतलाच होता. आरटी १२५ तर अर्ध्या जगाने उचलली होती. फरक मला असा दिसतो की काडेनने घेतलं ते उघड्यावर दिसणारं, आणि घेऊन त्यात मोजमापाची आणि स्वतःची भर घातली. सुझुकीने घेतलं ते बंद खोलीतलं. अर्थात सुझुकीनेही पुढे प्रचंड काम केलं. नुसत्या नकलेवर कुणी पंचवीस वर्षं जिंकत नाही. पण सुरुवातीची अडलेली गाडी कुणी धक्का मारून काढली, हे सांगायला काय जातं?

डेग्नरला हे सगळं लाभलं असंही नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर त्याची गाडी पडून पेटली. तो भयंकर भाजला, कातडी बसवण्याच्या कित्येक शस्त्रक्रिया झाल्या. नंतर जिंकला, पण पूर्वीचा डेग्नर राहिला नाही. १९८३ मध्ये टेनेरिफ बेटावर वयाच्या ५१ व्या वर्षी गेला. तुमच्यातले जे फॉर्म्युला वन बघतात त्यांनी त्याचं नाव ऐकलेलं आहे. सुझुकामधलं 'डेग्नर' वळण ते हेच. होंडाने बांधलेला ट्रॅक, आणि त्यावर सुझुकीच्या रायडरच्या नावाचं वळण!

काडेनच्या नावाचं वळण माझ्या माहितीत कुठल्याच मोठ्या ट्रॅकवर नाही. फितुरीनंतरही तो चोपाऊलाच राहिला, एमझेडच्याच गाड्या पळवत राहिला. १९६३ मध्ये माइक हेलवुडने त्याच्या २५० वर साक्सेनरिंगला शर्यत जिंकली, ते लोकांना अजून आठवतं. १९८९ मध्ये भिंत पडलेली त्याने पाहिली. १९९६ मध्ये तो गेला. आरएक्स १०० बंद झाली तेही १९९६ सालीच, निव्वळ योगायोग.

दोन-स्ट्रोकचं युग संपलं ते बरंच झालं, हेही सांगायला हवं. ताजं मिश्रण धुराबरोबर बाहेर जाणं हा त्या इंजिनाचा जन्मजात दोष. काडेनच्या पाइपने तो ठरावीक आरपीएमपुरता झाकला, पण सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीमागे तो आपल्या सगळ्यांच्या नाकात जायचा. २००० साली आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि या गाड्यांचे दिवस भरले. आणि रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल ते बदल करायला मोटार वाहन कायद्याचीही परवानगी नाही, तेव्हा कुणी हा लेख वाचून घरची कानस शोधू नये!

मात्र आपल्या कामापुरतं काडेनचं एक मला फार घेण्यासारखं वाटतं. त्याच्याकडे भारी सामान नव्हतं, म्हणून त्याने आहे त्या इंजिनात नेमकं काय चाललंय ते आधी बघितलं आणि मगच कानस लावली. नवा सर्व्हर मागायच्या आधी प्रोफायलर चालवा, एवढंच त्याचं भाषांतर.

पुढच्या वेळी एखादी जुनी आरएक्स १०० 'रॅन् रॅन्' करत शेजारून गेली, की शिव्या जरूर द्या. पण त्यातली एक लाट पाइपमध्ये जाऊन, निमुळत्या शंकूवर आपटून, तीन मिलिसेकंदांच्या आत परत येतेय, हेही आठवून बघा. आणि ती पहिल्यांदा कुणी पडद्यावर पाहिली, त्याचं नाव एकदा मनात घ्या. वॉल्टर काडेन, चोपाऊ.